साद घालण्याआधी

तितराला बोलावता येतं, हे बुलढाणा जिल्ह्यातल्या जुन्या माणसांना वेगळं सांगावं लागत नाही. मोताळा, चिखली, मेहकर या बाजूला ज्यांचं बालपण गुरांमागे गेलं, त्यांनी धुऱ्यावर बसून तोंडाने तितूर बोलावलेलं असतं, निदान बोलावणारा माणूस तरी पाहिलेला असतो. आजच्या मुलांना मात्र ते पाखरू कुठल्या झुडपातून ओरडतं, सकाळी किती वाजता गप्प होतं, एकाने आवाज दिला की पलीकडच्या धुऱ्यावरून दुसरं का उत्तर देतं, यातलं काहीच माहीत नसतं. ही पुस्तिका त्यांच्यासाठी आहे. तितर, लावा, रानकोंबडा यांची साद ओळखायची कशी, तिचा अर्थ लावायचा कसा आणि मगच ती घशातून काढायची कशी, एवढाच तिचा विषय. प्रस्तावना मात्र थोडी लांबणार आहे. ही विद्या मुळात शिकारीची आहे. ती कोणाकडून आली आणि आपण ती कशासाठी घेतो आहोत, हे आधी स्पष्ट झालं पाहिजे.

ती आली फासेपारध्यांकडून. वऱ्हाडात पाखराच्या आवाजाचं सर्वांत बारीक ज्ञान या समाजाकडे होतं आणि काही म्हाताऱ्यांकडे अजूनही आहे. त्यांची तितर धरायची पद्धत अशी: पिंजऱ्यात एक शिकवलेला, बोलका नर घ्यायचा. जिथे रानातले तितर चरतात तिथे, झुडपांच्या मधल्या मोकळ्या जागेत, पहाटे पिंजरा ठेवायचा. त्याच्या भोवती जमिनीलगत खुंट्यांना बांधलेल्या फासांची ओळ लावायची. हे फास घोड्याच्या शेपटीच्या केसांचे; बारीक, चिवट आणि वाळल्या गवतात न दिसणारे. मग माणसाने दूर होऊन दबून बसायचं. पिंजऱ्यातला नर ओरडतो. तो गप्प राहिला तर पारधी स्वतः तोंडाने आवाज काढून त्याला चेतवतो. ज्याच्या हद्दीत हा परका आवाज उठला, तो रानातला नर आधी लांबून उत्तर देतो, मग जवळून, मग मान ताणून धावत येतो आणि फासात पाय अडकवून बसतो.

या रचनेतला प्रत्येक भाग तितराच्या स्वभावातून आलेला आहे. तितर शक्यतो उडत नाही, पळतो. उडाला तरी थोड्या अंतरावर पुन्हा उतरतो. म्हणून फास जमिनीलगत. नराला स्वतःची हद्द असते आणि पायाला आरी असतात. परक्या नराला तो सहन करत नाही. म्हणून पिंजऱ्यात नरच. पहाटे आवाज लांब पोचतो आणि सगळे नर त्याच वेळी आपापल्या जागेवरून हजेरी देतात, म्हणून वेळ पहाटेची. पारध्याची आणखी एक रीत होती: शिकवलेल्या गाईच्या किंवा बैलाच्या आडोशाने चालायचं. चरणाऱ्या जनावराला पाखरं घाबरत नाहीत, त्यामुळे त्याच्या मागून माणूस हळूहळू थव्याला फासांच्या दिशेने सरकवत नेऊ शकतो. यात कुठेही बळ नाही, धावाधाव नाही. जे आहे ते वर्षानुवर्षं पाहून, ऐकून कमावलेलं आहे.

आवाजाने पाखरू येतं म्हणजे नेमकं काय होतं, हा प्रश्न नवशिक्याने पहिल्या दिवसापासून मनात ठेवावा. सगळी पाखरं एकाच कारणाने येत नाहीत. तितर येतो तो भांडायला. झुडपांत राहणारा छोटा लावा येतो तो घरच्यांना शोधायला. ही पाखरं टोळीने राहतात. पायाखालून अचानक फुर्रकन चहूकडे उधळतात आणि थोड्या वेळाने, सगळं शांत झालं की, एकेक जण हलकी शीळ घालून बाकीच्यांना गोळा करू लागतो. या वेळी कोणी तशीच शीळ घातली तर पांगलेलं पाखरू सरळ त्याच्याकडे चालत येतं. रागाने नाही, एकटं पडल्याच्या भीतीने.

लाव्यासारखीच दिसणारी, पण पायाला मागचं बोट नसलेली तीन बोटांची आणखी काही पाखरं आपल्या शेताशिवारात आहेत. त्यांच्यात सगळा कारभार उलटा चालतो. मादी मोठी आणि रंगाने उठावदार; घुमणारा आवाज काढते तीच, नरासाठी इतर माद्यांशी भांडते तीच. अंडी घातली की ती दुसऱ्या नराच्या शोधात निघून जाते. अंडी उबवणं आणि पिलं वाढवणं नराकडे. टी. सी. जर्डन यांनी 1862 ते 1864 या काळात भारतीय पक्ष्यांवरचा आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात दक्षिणेतले लोक ही पाखरं कशी धरत याचं वर्णन आहे: पिंजऱ्यात मादी ठेवायची, ती घुमू लागली की आसपासच्या माद्या लढायला धावून येतात, पिंजऱ्याच्या काड्यांवर चोची मारतात, त्या हिसक्याने धागा तुटतो आणि झाकण पडतं. अशा सापळ्यात सापडत त्या सगळ्या माद्याच. पक्षिशास्त्राच्या पुस्तकांत ही उलटी रीत नोंदली जाण्याच्या कितीतरी आधी पाखरं धरणाऱ्यांना ती ठाऊक होती. नसती, तर त्यांनी पिंजऱ्यात नर ठेवला असता आणि दिवसभर रिकामे बसले असते.

आता थोडं बाहेरच्या जगाकडे बघू, कारण साद घालून पाखरू बोलावण्याची कला आज सर्वांत पद्धतशीरपणे शिकवली जाते ती अमेरिकेत, रानटी टर्कीसाठी. तिथली साधनं पाहण्यासारखी आहेत. लाकडी पेटीवर फळी घासून आवाज काढतात, पाटीच्या तुकड्यावर काडी फिरवतात, टाळूला चिकटवायची पातळ पडदी वापरतात. आणि टर्कीच्याच पंखाच्या हाडाची नळी करून ती ओढत आवाज काढण्याची रीत तर तिथल्या मूळ रहिवाशांची, फार प्राचीन. शिकारी मादीचा आवाज काढतो, नर येतो. पण एक अडचण आहे आणि सगळी कला तिच्यातच आहे. टर्कीच्या जगात नर एका जागी पिसारा फुलवून ओरडतो आणि मादी त्याच्याकडे चालत जाते. शिकारी नराला मादीकडे यायला सांगत असतो, म्हणजे निसर्गक्रमाच्या उलट. त्यामुळे नर उत्तर देतो, अर्ध्या वाटेपर्यंत येतो आणि थांबतो. आता तू ये, म्हणून वाट पाहतो. नवशिका नेमका इथे चुकतो. उत्तर मिळाल्याच्या आनंदात तो आवाजावर आवाज काढत राहतो. जितका आवाज वाढतो तितका नर तिथेच पाय रोवतो, कारण मादी आपल्याकडे यायला इतकी उतावीळ आहे तर आपण हलायचं कशाला? जाणता शिकारी अशा वेळी गप्प बसतो. दहा मिनिटं, वीस मिनिटं, कधी त्याहून जास्त. त्या शांततेने नर अस्वस्थ होतो आणि पुढे येतो.

तिथल्या नवशिक्यांना आणखी दोन गोष्टी पक्क्या शिकवल्या जातात. एक म्हणजे, आवाज काढण्याआधी पाखरू कुठे आहे ते समजून घ्यायचं. त्यासाठी मादीचा नाही, घुबडाचा किंवा कावळ्याचा आवाज काढतात. त्याने दचकून झाडावरचा नर ओरडतो आणि आपली जागा सांगून टाकतो. दुसरी, रुंद बुंध्याला पाठ टेकवून बसायचं आणि कुठूनही टर्कीचा आवाज आला तरी त्याच्या मागावर जायचं नाही, कारण तो आवाज झुडपाआड बसलेल्या दुसऱ्या शिकाऱ्याचा असू शकतो. अशा घोटाळ्यात तिथे माणसांना गोळ्या लागल्या आहेत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेसुमार शिकार आणि जंगलतोड यांमुळे हा पक्षी तिथल्या बऱ्याच भागांतून नाहीसा झाला होता. रानातले टर्की धरून दुसऱ्या जंगलांत सोडणं, शिकारीचे महिने बांधून देणं, 1937 च्या कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांकडे वळवणं, अशा उपायांनी तो पुन्हा पसरला. तिथल्या बहुतेक राज्यांत वसंतातल्या शिकारीत फक्त नर मारता येतो आणि ध्वनिमुद्रित आवाज वाजवायला मनाई आहे. साद स्वतःच्या हाताने किंवा तोंडाने काढावी लागते. हा नियम मला फार महत्त्वाचा वाटतो. तोंडाने साद घालायला शिकायचं तर आधी महिनोन्महिने ऐकावं लागतं, आणि इतकं ऐकलेला माणूस त्या पाखराकडे निव्वळ मांस म्हणून बघू शकत नाही.

आपल्या देशात या कलेचं सर्वांत गाजलेलं उदाहरण पाखराचं नाही, वाघिणीचं आहे. 30 नोव्हेंबर 1938 रोजी कुमाऊंमधल्या ठाक गावाजवळ जिम कॉर्बेट यांनी नराचा आवाज काढून नरभक्षक वाघिणीला समोर बोलावलं आणि मावळत्या उजेडात मारलं. वाघीण त्या दिवसांत जोडीदाराच्या शोधात होती, हे तिच्या आवाजावरून त्यांनी आधी ओळखलं होतं. आवाज हुबेहूब काढणं ही नंतरची गोष्ट. ती काय मागते आहे हे कळणं पहिली.

आता कायदा. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची व्याख्या फक्त मारण्यापुरती नाही. फास लावणं, सापळा मांडणं, आमिष दाखवणं, हाकून नेणं, पकडणं आणि यातल्या कशाचाही नुसता प्रयत्न करणं ही सगळी शिकारच आहे. अंडी किंवा घरटी मोडणंही त्यातच येतं. तितर आणि लावा संरक्षित आहेत. त्यांना पिंजऱ्यात ठेवणं गुन्हा आहे. म्हणून या पुस्तिकेत फास कसा वळायचा हे कुठेही दिलेलं नाही. वर जे वर्णन केलं ते पद्धतीमागची समज दाखवण्यासाठी. ज्याला पाखरू पानात हवं आहे, त्याने हे पुस्तक घेऊ नये.

हे सांगताना एक अन्याय विसरून चालणार नाही. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अनेक भटक्या समाजांना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं. पारधी त्यांच्यात ओढले गेले. 1952 च्या ऑगस्टमध्ये तो कायदा गेला, पण पोलिसांच्या आणि गावाच्या मनातला शिक्का गेला नाही. त्यानंतर 1972 चा कायदा आला. वन्यजीवांसाठी तो आवश्यकच होता. पण ज्यांचं पोट फासांवर होतं, त्यांना फासांऐवजी काय, याचं उत्तर त्याच्यासोबत आलं नाही. रसेल आणि हिरालाल यांच्या 1916 च्या ग्रंथात मध्य प्रांतातल्या जाती-जमातींची माहिती आहे, तीत पारध्यांच्या शिकारीच्या रीती वाचायला मिळतात. वाचताना जाणवतं की लिहिणाऱ्याला कौतुक आणि संशय दोन्ही आहेत. आपल्याकडे अजून तसंच आहे. पाखरांची माहिती हवी असली की पारधी आठवतो, गावात चोरी झाली तरी पारधीच आठवतो.

माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी पश्चिम महाराष्ट्रातल्या भटक्या समाजांचा अभ्यास करून 1983 मध्ये एक मोलाची गोष्ट मांडली. फासेपारधी, वैदू आणि नंदीवाले एकाच मुलखात शिकार करत, पण एकमेकांच्या शिकारीत हात घालत नसत. पारध्यांचे फास हरणांसाठी आणि पाखरांसाठी; वैदूंकडे लहान मांसभक्षक प्राणी; नंदीवाल्यांकडे कुत्र्यांच्या मदतीने रानडुक्कर, साळिंदर, घोरपड. एका समाजाचा एकाच प्रकारच्या जनावरांवर पिढ्यानपिढ्या हक्क असला, तर ती जनावरं उद्याही टिकावीत यात त्याचं हित असतं. आज बंदूक घेऊन जीपमधून येणाऱ्याला असं कुठलंही बंधन नाही, आणि त्याचं नाव क्वचितच कागदावर येतं.

आता आपल्या जिल्ह्याकडे. बुलढाण्याच्या उत्तरेला संग्रामपूर तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी अंबाबरवा अभयारण्य आहे, ते मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. दक्षिणेकडे, अजिंठ्याच्या डोंगररांगेत, बुलढाणा आणि खामगाव यांच्या मधे ज्ञानगंगा. टिपेश्वरहून निघालेला, गळ्यात पट्टा असलेला तरुण वाघ 2019 च्या डिसेंबरात महिनोन्महिने चालून याच ज्ञानगंगेत पोचला आणि जिल्ह्याचं नाव देशभर झालं. पण तितर आणि लावा हे अभयारण्याचे रहिवासी नव्हेत. त्यांचं घर माळावर, बरडावर, ई-क्लासच्या पडीक जमिनीवर, पांदणीच्या बोरी-हिवरांत आणि धुऱ्यावरच्या गवतात. या जागांना कोणी जंगल म्हणत नाही, त्यामुळे त्या गेल्या तरी कोणी हळहळत नाही. ज्वारीच्या जागी सोयाबीन आलं, धुरे नांगराखाली बारीक होत गेले, तणनाशकाने उरलेलं गवत जळलं. ज्वारीचं ताट पाखराला आडोसाही देत होतं आणि दाणाही. काढणीनंतरचं सोयाबीनचं रान दोन्ही देत नाही.

तणमोराचं उदाहरण समोर आहे. माळढोकच्या कुळातला हा छोटा पक्षी पावसाळ्यात गवतातून पुन्हा पुन्हा वर उसळी घेतो आणि त्या उडीबरोबर खडखडाटासारखा आवाज करतो, म्हणजे मादीला तो दिसावाही आणि ऐकूही यावा. त्याच उडीमुळे तो बंदुकीला सहज सापडला. मग गवताळ माळ गेले. आज तो जगातल्या अतिसंकटग्रस्त पक्ष्यांत मोजला जातो. शेजारच्या वाशीम जिल्ह्यात कारंजा (लाड) परिसरात ‘संवेदना’ ही संस्था आणि कौस्तुभ पांढरीपांडे यांनी फासेपारध्यांना सोबत घेऊन माळरान आणि तणमोर यांच्यासाठी काम केलं, ते मला दिशादर्शक वाटतं. ज्याला पाखरू कुठे बसतं हे माहीत आहे, त्याच्यावर पहारा बसवण्यापेक्षा त्यालाच पहारेकरी करावं.

मोबाइलबद्दल दोन शब्द लिहिलेच पाहिजेत, कारण आज नवशिक्याच्या हातात पहिलं साधन तेच असतं. आवाज ऐकून पाखराचं नाव सांगणारी ॲप आता फुकट मिळतात आणि शिकण्यासाठी ती जरूर वापरावीत. पण माळावर उभं राहून मोबाइलवरून तितराची साद मोठ्याने वाजवणं वेगळं. यंत्र थकत नाही. खरा प्रतिस्पर्धी दोन-चार वेळा ओरडून एक तर पुढे येतो नाहीतर निघून जातो. मोबाइल तासभर तोच आवाज काढू शकतो, आणि त्या तासात नर चरत नाही, मादीजवळ राहत नाही, मोकळ्यावर उभा राहून शिकऱ्याच्या नजरेस पडतो. फोटो मिळतो खरा, पण पाखराला त्याची किंमत मोजावी लागते. युरोपात 1979 च्या पक्षी निर्देशाने पक्षी पकडण्यासाठी ध्वनियंत्रं वापरायला बंदी घातली, ती उगाच नाही. म्हणून या पुस्तिकेत ठरवलेली शिस्त अशी आहे: वाजवलेला आवाज रानात अजिबात नाही, तोंडाची साद फक्त विणीबाहेरच्या महिन्यांत, एका जागी दोनदाच, आणि पाखराने उत्तर दिलं की तिथेच थांबायचं. चित्तूर, म्हणजे अंगभर पांढऱ्या ठिपक्यांचा रंगीत तितर, पावसाळ्यात वीण करतो. साधा तितर मुख्यतः उन्हाळ्यापासून पावसाळ्याच्या शेवटापर्यंत. म्हणजे तोंड उघडायचं ते दिवाळीनंतर. बाकीचे महिने फक्त कान.

आणि खरं तर कानानेच बहुतेक काम होतं. जून-जुलैत पहिला दमदार पाऊस झाला की चित्तूर नर एखाद्या ढेकळावर, खुंटावर किंवा खालच्या फांदीवर चढतो आणि कोरडा, किरकिरा आवाज देतो. एकाने सुरू केलं की दुसरा, मग तिसरा. ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी, ठरलेली मिनिटं उभं राहून किती दिशांनी किती नर बोलले एवढं लिहिलं, आणि दर वर्षी त्याच आठवड्यात त्याच जागी पुन्हा तेच केलं, तर त्या माळावर पाखरं वाढताहेत की घटताहेत हे कळतं. कोणाला हात लावावा लागत नाही, कोणाला बोलवावंही लागत नाही. पहिल्या वर्षी आकडे चुकतील. साध्या तितराचा ‘क-टी-टर, क-टी-टर’ आणि चित्तराची तुटक साद लांबून सारख्या वाटतात, आणि एकच नर जागा बदलून बोलला तर दोन मोजले जातात. म्हणून पहिल्या वर्षी जाणत्या कानाच्या माणसासोबत जावं.

तो जाणता कान बहुतेक वेळा पारधी बेड्यावरच सापडेल. पक्ष्यांच्या पायात कडी घालून त्यांचं स्थलांतर अभ्यासण्याच्या कामात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने बिहारच्या मीरशिकार समाजातल्या पाखरं धरणाऱ्यांना सोबत घेतलं होतं. जे हात बाजारासाठी पाखरं धरत, तेच विज्ञानासाठी त्यांना इजा न करता धरू आणि सोडू लागले. बुलढाण्यात तितराची गणना करायची असेल तर तेच करायला हवं. शाळा असो, महाविद्यालय असो की वनखातं, ज्या पारधी माणसाला सोबत न्याल त्याला पहाटे चारपासूनच्या कामाची पूर्ण रोजी द्या, नोंदवहीत निरीक्षक म्हणून त्याचं नाव सर्वांत वर लिहा, आणि अहवाल तयार झाला की बेड्यावर जाऊन तो मोठ्याने वाचून दाखवा. आकडा कुठे चुकला ते तिथेच कळेल.

पुढची प्रकरणं क्रमाने वाचायची गरज नाही. पण आवाज काढण्याचं प्रकरण मुद्दाम शेवटी ठेवलं आहे, आणि त्याआधीच्या कोऱ्या पानांवर एका पूर्ण पावसाळ्याच्या नोंदी लिहून झाल्याशिवाय कोणी ते उघडू नये, अशी माझी विनंती आहे.